आंदण मिळालेली लेखणी

‘हे लेखन माझे नाही, देवाने माझ्याकडून करून घेतले.’ ख्रिस्ती पुस्तकांच्या प्रस्तावनांमध्ये अशा अर्थाचं वाक्य इतक्यांदा भेटतं की त्यावर नजर ठरतही नाही. लिहिणाऱ्याच्या मनात खरी नम्रता असते, याबद्दल मला शंका नाही. तरी ते वाचलं की मी जरा सावध होते. पुढे पुस्तकात ढिसाळ वाक्यं निघाली, एखादा संदर्भ चुकीचा निघाला, तर तो दोष कुणाच्या खाती मांडायचा? जे देवानेच करून घेतलं, त्यावर संपादकाने लाल रेघ ओढायची तरी कशी? कृपेचं नाव पुढे करून आपण कधीकधी मेहनतही वाचवतो आणि टीकाही.

मीही ख्रिस्ती नियतकालिकांसाठी लिहिते. मननं, मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) दिवंगतांवरचे लेख, नाताळचे नि पुनरुत्थानाच्या सणाचे विशेष लेख, मधूनच एखादी कविता. हे माझं पाचारण आहे असं मी मानते आणि त्याबद्दल देवाचे उपकार मानते. पण उपकार नेमके कशाबद्दल, हे एकदा मांडून पाहावं असं बरेच दिवस मनात होतं. ‘सगळ्याबद्दल’ हे उत्तर सोपं आहे. सगळ्याबद्दल आभार मानणारा माणूस बहुधा कशाकडेच निरखून पाहत नाही.

येशूचं चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानकारांपैकी लूक मला लेखक म्हणून फार जवळचा वाटतो. त्याने सुरुवातीलाच चार वचनांची छोटी प्रस्तावना लिहिली आहे. तीत दर्शन नाही, देवदूत नाही, आकाशवाणी नाही. (देवदूत पुढे येतात, पण ते जखऱ्याकडे आणि मरीयेकडे, लूककडे नाही.) ज्याला उद्देशून तो लिहितो त्या थियफीलाला तो एवढंच सांगतो, की हे लिहायला आधी पुष्कळांनी हात घातला आहे, ज्यांनी प्रारंभापासून डोळ्यांनी पाहिलं त्यांच्याकडून हे आपल्यापर्यंत पोचलं, मीही सगळ्याचा मुळापासून शोध केला आणि आता अनुक्रमाने लिहून काढतो आहे. पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने लिहिलेलं म्हणून ज्या ग्रंथाकडे सगळी ख्रिस्ती मंडळी पाहते, त्याचा लेखक स्वतःबद्दल बोलतो तो फक्त चौकशीच्या आणि जुळवाजुळवीच्या भाषेत. ‘प्रभूने सुचवलं’ असं तो एकदाही म्हणत नाही. त्याला शोधाशोध करावी लागली आणि तिच्यातूनच कृपा चालत आली.

म्हणजे पायपीट आपली आणि कृपा देवाची, अशी वाटणी करायची का? मला ती करता येत नाही. प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात विचारतो, तुला दिलेलं नाही असं तुझ्याजवळ आहे तरी काय? गर्विष्ठ माणसाला गप्प करायला तो हा प्रश्न विचारतो, पण लिहायच्या टेबलाशी बसून स्वतःलाच विचारला तर उत्तरांची रांग लागते. सगळ्यांत आधी भाषा. मराठी मी घडवलेली नाही. ती मला आंदण मिळाली, वापरून मऊ झालेली, आणि ज्यांनी ती वापरली त्यातले बहुतेक जण माझ्या मंडळीच्या पटावर नव्हते.

इंग्लंडमधले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, मराठी शिकले आणि तारणाची कथा त्यांनी ओवीत रचली. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापून निघालं. परक्या देशातून आलेल्या या जेझुइट धर्मगुरूला ओवी मिळाली ती तयार मिळाली. ज्ञानेश्वर-एकनाथांनी तिला आधीच असं वळण लावून ठेवलं होतं की गहनातला गहन विचारही तिच्यात घरच्यासारखा बसावा. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक तर उघड सांगत, की तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. या ऋणाचा उल्लेख झाला की आपल्यातले काही जण अवघडतात. जणू ते मान्य केलं तर साक्ष फिकी पडेल. मला तसं वाटत नाही. आपल्या लेखकांची भाषा देवाने मंडळीच्या आवाराबाहेर घडवली, आणि ती घडवणाऱ्यांना आपलं नावही ठाऊक नव्हतं, ही गोष्ट मला कृपेबद्दलच्या पुष्कळ उपदेशांपेक्षा जास्त शिकवते. जे मिळवण्यासाठी आपण काहीच केलं नाही, ते आपल्या हाती आलं. कृपेची याहून वेगळी व्याख्या माझ्याजवळ नाही.

भाषेनंतर माणसं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. साध्या बायकांना कळावं म्हणून सोप्या मराठीत आणलं. त्या १९२२ मध्ये गेल्या. त्यांचं बायबल छापून निघालं ते १९२४ मध्ये. त्यांच्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवले ते तिथल्याच बायकांनी. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत एकेक अक्षर उलटं धरून ओळीत बसवायचं, ओळीची पानं करायची, आणि पानावर आपलं नाव कुठेच नाही. रमाबाईंची थोरवी सांगताना आपण या हातांशी क्षणभरही थांबत नाही.

अशा अनामिक हातांचा एक प्रतिनिधी बायबलात नावानिशी उभा आहे, म्हणून मला त्याचं विशेष अप्रूप. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात, बाविसाव्या वचनात, पौलाचं बोलणं चालू असताना मध्येच एक दुसराच आवाज येतो: हे पत्र लिहून देणारा मी तर्तियस, तुम्हांला सलाम सांगतो. एवढंच. पुढच्या वचनापासून पुन्हा पौल. माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, कर्मांनी नव्हे, हे सोळा अध्यायांचं सारं विवेचन या माणसाच्या मनगटातून उतरलं. पुढे शतकानुशतकं ज्यावर वाद झाले, ज्याने ऑगस्टीन बदलला, ल्यूथर बदलला, ते सगळं आधी तर्तियसच्या बोरूखालून गेलं. आणि त्याच्या वाट्याला आलं एक वचन. पौलाने ते राहू दिलं, ‘मध्येच हे काय’ म्हणून खोडायला लावलं नाही, हे मला फार गोड वाटतं. कृपेवरचं सर्वांत मोठं पत्र, आणि त्यात लेखनिकाच्या सलामाला जागा आहे.

कारागिरीचा मान तर त्याहूनही आधीपासूनचा. देवाने एखाद्याला आपल्या आत्म्याने परिपूर्ण केलं, असं बायबलात पहिल्यांदा ज्याच्याबद्दल येतं तो संदेष्टा नाही, राजा नाही, याजकही नाही. तो बसालेल. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात देव मोशेला सांगतो, की मी त्याला आत्म्याने भरलं आहे. कशासाठी, तर सोन्या-रुप्याचं नि पितळेचं काम करायला, रत्नं कोंदायला, लाकूड कोरायला. आत्म्याचं वरदान म्हटलं की आपल्याला उंच आवाजातली प्रार्थना आठवते. कोंदणात खडा नीट बसतो की नाही हे पाहणारी नजर आठवत नाही. स्वल्पविराम कुठे हवा आणि कुठे नको, हे कळणं मी त्याच नजरेत धरते. कुणाला हे अति वाटेल, वाटो.

इथवर जे लिहिलं ते मिळालेल्या गोष्टींबद्दल होतं. पण ज्या एका गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती वेगळी आहे आणि तिच्याकडे जायला बारूखची वाट धरावी लागते.

बारूख हा यिर्मया संदेष्ट्याचा लेखनिक. यहूदाच्या यहोयाकीम राजाच्या चौथ्या वर्षी, म्हणजे ई.स.पू. ६०५ च्या सुमारास, यिर्मयाला आज्ञा झाली की आजवर सांगितलेली सगळी वचनं एका पटावर, म्हणजे गुंडाळीवर, लिही. यिर्मया सांगत गेला, बारूख लिहीत गेला. यिर्मयाला मंदिरात जायला मनाई होती, म्हणून वाचायलाही बारूखच गेला. सरदारांनी त्याला विचारलं, तू ही सगळी वचनं कशी लिहिलीस? लेखनप्रक्रियेबद्दल माझ्या वाचनात आलेल्या उत्तरांत बारूखचं उत्तर सगळ्यांत नेटकं आहे: तो तोंडाने सांगत होता आणि मी शाईने पटावर लिहीत होतो.

मग तो पट राजापुढे गेला. नववा महिना, थंडीचे दिवस, राजा हिवाळी महालात बसलेला, पुढे शेगडी पेटलेली. वाचणारा तीन-चार रकाने वाचायचा, की राजा तेवढा भाग सुरीने कापून शेगडीत टाकायचा. असं करत सगळा पट जळाला. मूळ मजकुरात ती सुरी लेखनिकाची आहे. बोरू तासायचं हत्यार. ज्याने अक्षर उमटावं, त्यानेच अक्षर कापलं गेलं. जवळच्या काहींनी राजाला विनवलं, जाळू नका म्हणून; त्याने ऐकलं नाही.

माझ्यासारखीने ही कथा लिहिली असती तर आगीने त्या पटाला स्पर्श केला नसता. पेटत्या भट्टीत दानिएलाच्या तीन मित्रांच्या केसालाही धक्का लागू न देणारा देव एक पट वाचवू शकत नव्हता का? पण तो वाचला नाही. यिर्मयाला सांगणं आलं ते एवढंच, की दुसरा पट घे आणि पहिल्यातलं सगळं पुन्हा लिही. बारूखने पुन्हा बैठक मारली. अध्यायाच्या शेवटच्या वचनात जाता जाता सांगितलं आहे, की या वेळी तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडली. परत लिहायला लावणाऱ्या संपादकावर राग आला की मी हे वचन काढून वाचते. राग जातो असं नाही, पण काम सुरू होतं.

आणि आता ती गोष्ट. यिर्मयाच्या ग्रंथात पंचेचाळिसावा अध्याय आहे, जेमतेम पाच वचनांचा, एकट्या बारूखसाठी. काळ तोच, पट लिहिल्याचा. बारूख कण्हतो आहे: हायहाय, माझ्या दुःखात परमेश्वराने आणखी भर घातली, मी थकलो, मला आराम नाही. चांगल्या घरचा मुलगा. त्याचा भाऊ सराया पुढे राजाच्या सेवेत चांगल्या हुद्द्यावर दिसतो. याच्या हाती मात्र दुसऱ्याचे शब्द, आणि तेही कुणालाच ऐकायला नको असलेले. देव त्याला उत्तर देतो. तू स्वतःसाठी मोठाल्या गोष्टी शोधतोस काय? शोधू नकोस. सगळ्या देशावर अरिष्ट येणार आहे, पण तू जाशील तिथे तुझा जीव मी तुला लूट म्हणून देईन.

हे सांत्वन आहे हे कळायला मला फार वर्षं लागली. तरुणपणी ते झिडकारल्यासारखं वाटायचं. आता वाटतं, लिहिणाऱ्याला यापेक्षा कनवाळू शब्द क्वचितच कुणी ऐकवला असेल. कारण ख्रिस्ती लेखकाच्या मनात एक चोरकप्पा असतो. तोंडाने आपण सेवा म्हणतो, पण त्या कप्प्यात हिशेबाची वही असते. एवढे लेख झाले, एवढ्या जणांना लाभ झाला, तेव्हा देवाच्या दरबारी आपलं काहीतरी जमा असणारच. कर्मांनी तारण नाही, असं दर रविवारी ऐकणारी मी, पण लेख हेही कर्मच, हे माझ्या कानापर्यंत पोचायला वेळ लागला. माझ्या लेखांनी माझं काही सिद्ध होत नाही. चांगले झाले म्हणून देव मला जास्त जवळ घेत नाही आणि फसले म्हणून दूर लोटत नाही. जीव आधीच मिळालेला आहे, लुटीसारखा, फुकट. बारूखला नेमकं हेच सांगितलं गेलं: मोठेपण मिळणार नाही, आणि तुझ्या जगण्याला त्याची गरजही नाही.

एकदा हे उतरलं की हात मोकळा होतो. वाक्य खोडताना जीव तुटत नाही. दुसऱ्या कुणाचा लेख सरस झाला तर तो वाचताना आधी आनंद होतो आणि मग थोडा मत्सर. पूर्वी क्रम उलटा होता. ‘कळलं नाही’ असं कुणी म्हटलं, तर स्वतःची बाजू मांडण्याआधी तो परिच्छेद पुन्हा पाहावासा वाटतो. मला लेखनातली कृपा विचाराल तर ती सुचण्यात कमी आणि या मोकळेपणात जास्त आहे. सुचतं सगळ्यांनाच, देवावर विश्वास नसलेल्यांना तर कधीकधी आमच्यापेक्षा छान सुचतं.

सुचण्याची आणखी एक गंमत, किंवा पीडा. प्रार्थनेत असताना वाक्य सुचतं. देवाशी काही बोलत असावं, आणि मनातला दुसरा कुणीतरी हळूच म्हणतो, हे चांगलं आहे, लिहून ठेव. मग प्रार्थना तिथेच थांबते आणि मजकूर सुरू होतो. या रोगावर औषध मला सापडलेलं नाही. ऑगस्टीनने इ.स. ४०० च्या आसपास ‘कबुलीजबाब’ लिहिले, ते आरंभापासून देवालाच ‘तू’ म्हणत. वाचकाला त्याने शेजारी बसून ऐकायची मुभा दिली, एवढंच. त्याला बहुधा हाच रोग होता आणि त्याने सरळ रोगाचाच ग्रंथ केला. सगळ्यांना ते झेपणारं नाही. मी आपली सुचलेलं वाक्य देवालाच सांगून टाकते आणि पुढे जाते. उठेपर्यंत आठवलं तर त्याची कृपा, विसरलं तर तीही.

लिहिणं थांबतं त्या दिवसांचं काय? धर्मपंडित थॉमस अक्वायनस ६ डिसेंबर १२७३ रोजी मिस्साविधीनंतर लिहायचे थांबले. ‘सुम्मा’ ही त्यांची ईश्वरविद्येवरची मोठी ग्रंथरचना अर्धवट होती. सोबत्याने फार विनवलं तेव्हा ते म्हणाले, मला जे दिसलं त्यापुढे मी लिहिलेलं सगळं मला गवताच्या काड्यांसारखं वाटतं. पुढच्या मार्चमध्ये ते वारले. ही आठवण अनेकदा अशी सांगितली जाते, की जणू लिहिणं फोल ठरलं. मला ती उलटी दिसते. ते काडीमोल लेखन मंडळी आजही अभ्यासते. ज्याने लिहिलं त्याला मात्र ते हातातून सोडून देता आलं. इंग्रज कवी जॉन मिल्टनचं दुखणं निराळं. १६५२ पर्यंत दोन्ही डोळे गेले, आणि सोपवलेलं नाणं पुरून ठेवणाऱ्या दासाचा दृष्टांत त्याला छळू लागला, की धनी हिशेब मागेल तेव्हा काय दाखवू? त्याच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ला, म्हणजे १६६७ मध्ये निघालेल्या महाकाव्याला, दुसऱ्यांचे हात लागले, तो सांगायचा, जवळचं कुणी उतरवून घ्यायचं. तर्तियस पुन्हा आलाच.

मागे एकदा उपासनेनंतर मंडळीतल्या एक वयस्कर बाई माझ्याजवळ आल्या. यजमानांच्या आजारपणात माझ्या एका लेखातल्या वाक्याने आपल्याला उभं धरलं, असं त्यांनी सांगितलं आणि ते वाक्य म्हणून दाखवलं. सुंदर वाक्य होतं. घरी येऊन मी लेख काढला. ते वाक्य त्यात नव्हतं. त्याच्या जवळपास जाणारंही काही नव्हतं. त्यांनी माझा लेख वाचता वाचता कुठेतरी ते स्वतःशी रचलं असावं, किंवा दुसरीकडे ऐकलेलं माझ्या नावावर जमा केलं असावं, किंवा ज्याला त्यांना ते द्यायचं होतं त्याने माझं पान नुसतं निमित्ताला धरलं असावं. मी त्यांना काही सांगितलं नाही. प्रस्तावनेतलं ते वाक्य, ‘हे लेखन माझे नाही’, मला पटलं असेल तर त्याच दिवशी, आणि तेही फार वेगळ्या अर्थाने.

नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताच्या जीवनावर महाकाव्य लिहायला घेतलं, ‘ख्रिस्तायन’. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा सुरुवातीचे काही अध्यायच झाले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेची पायरी न चढलेली ही बाई. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा आकाश कोसळलेलं, काही वर्षं त्याच्यापासून दूर राहिलेली, मग स्वतःच्या पायांनी ख्रिस्ताकडे आलेली. तिचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसून पुरेवाट होते आणि मध्येच घसा दाटतो. टिळकांनी पहिला अध्याय लिहिला तेव्हा त्यांच्या मनात तरी आलं असेल का, की शेवटचा कुणाच्या हातून होणार आहे? अर्धवट राहिलेल्या कामाची मला पूर्वी भीती वाटायची. ती आता बरीच कमी झाली आहे, कारण माझ्या हातून सुटलेलं पुरं करायला माझीच गरज असेल असं नाही.

अर्थात संपादकांना हे तत्त्वज्ञान चालत नाही. बायबलातल्या ईयोबाच्या ग्रंथावरची लेखमाला मी अडतिसाव्या अध्यायाशी आणून ठेवली आहे. तिथे देव वावटळीतून बोलू लागतो, एकामागून एक प्रश्न विचारतो, आणि त्याच्या त्या प्रश्नांनंतर माझं गद्य फारच शहाणपणाचं वाटायला लागतं. दोन मसुदे टाकून दिले. तिसरा पाच तारखेपर्यंत हवा आहे.